गिरिधर सरांची शिफ्ट

"आंटी, एकोजी जिथं उभा आहे तिथं तुम्ही नाही आहात," प्राणेश म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला, पण म्हणालाच.

मी स्वयंपाकघराच्या दारात सुंडलचं, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं घेऊन उभी होते. हॉलमध्ये चटईवर चौघं बसले होते: माझी मुलगी जननी, तिची मैत्रीण श्रीरंजनी, त्यांच्या कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेला हा प्राणेश, आणि माझा नवरा. प्राणेशनं नुकतंच सांगितलं होतं की शहराचा दरवाजा बंद आहे आणि पहारेकरी भाला आडवा धरून विचारतोय, कोण तुम्ही. मग त्यानं माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "एकोजी काय करतो?" हे आपले चटईची काडी उपसत बसले. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. मला राहवेना. मी म्हटलं, "ते सांगतील, आम्ही व्यापारी आहोत, मीठ विकायला आलोय." त्यावर हे उत्तर.

चोवीस वर्षांच्या संसारात मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. मी पातेलं खाली ठेवलं आणि आत गेले. पण कान काही आत नेता येत नाहीत.

मी सांगलीची. बोलणं हा माझा धंदा आहे, हिंदीच्या परीक्षांच्या शिकवण्या घेते. हे तंजावरकडचे, पण जन्म आणि नोकरी सगळी चेन्नईत. मला बघायला आले तेव्हा त्यांच्या घरचं मराठी ऐकून माझा भाऊ म्हणाला होता, "ताई, हे लोक अजून मोडीत बोलतात." त्यात यांचा वाटा फार नव्हता. यांनी त्या दिवशी दोनच वाक्यं उच्चारली, एक पाणी मागताना आणि एक ग्लास परत देताना. मला वाटलं, लाजतायत, लग्नानंतर जीभ सुटेल. ती सुटली नाही. शेवटी दोघांत एकच तोंड पुरवायचं ठरलं, ते माझं. गॅसच्या एजन्सीला फोन मी करायचा, घरमालकाशी भांडण मी करायचं. डॉक्टरांनी यांना विचारावं कुठे दुखतं, आणि मी सांगावं, डाव्या कुशीत. एकदा रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणवेना म्हणून हे दोन गल्ल्या पुढे उतरून चालत आले होते.

असा माणूस त्या खेळात शिरला तो केवळ गरजेपोटी. दर रविवारी सकाळी ही मुलं आमच्या नुंगंबाक्कमच्या भाड्याच्या घरी जमतात. त्यांचा चौथा गडी नोकरीला बंगळुरूला गेला. जननीनं बापाला हाताला धरून बसवलं, "आप्पा, नुसतं बस. बाकी आम्ही बघून घेतो." खेळ म्हणजे पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपलं माणूस काय करतं, काय बोलतं, ते ज्याचं त्यानं सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. कुठलं माणूस व्हायचं ते आपणच निवडायचं असतं. यांनी निवडला दवंडीवाला. नाव आजोबांचं, एकोजी. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो.

तर त्या दिवशी मी आत गेले आणि बाहेर सगळे गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. यांच्यासाठी कुणी एवढं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कधी थांबले नव्हते.

मग यांचा आवाज आला. "एकोजी म्हणतो, मी दवंडी पिटायला आलों. पण काय पिटायचें तेंच विसरलों. आत जाऊन विचारून येऊं काय?"

पोरी हसल्या. प्राणेशनं फासा टाकायला सांगितला. चार पडले. पहारेकऱ्यानं एकोजीला गचांडी धरून चिखलात ढकललं. मला वाटलं, संपलं, आता हे उठतील आणि पुढचे सहा महिने हॉलमध्ये पाऊल टाकणार नाहीत. मी डोकावून पाहिलं. हे मांडी घालून पुढे झुकले होते आणि विचारत होते, "मग?"

त्या 'मग'चं मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा. बोलून फसलं तरी डाव पुढे चालतो, हे यांना त्या पोराकडून कळलं होतं. माझ्याकडून कळलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी हे तो फासा खिशात घालून कारखान्यात घेऊन गेले आणि मायक्रोमीटरनं मोजून आणला. प्राणेशच्या हातावर ठेवून म्हणाले, "हा एका अंगानें दोन शतांश जास्त आहे. चालायचा नाही. बदल." जननी हसून लोळली. मला हसू आलं नाही. कारण कारखान्यात यांनी आजवर कशालाच 'चालायचं नाही' म्हटलं नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं.

हे अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांना लागणाऱ्या पिना बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहेत. पीन मापात आहे का बघायचं, असेल तर सही करायची, नसेल तर परत पाठवायची, एवढंच काम. माप थोडंसं चुकलं तर एक पिवळी स्लिप असते. एवढा फरक चालून जाईल असं त्यावर लिहायचं, खाली तपासनीसाची सही झाली की पेट्या पुढे जातात. दुसरे तपासनीस या स्लिपवरून भांडायचे. हे भांडत नसत. समोरचा मान हलवत उभा राहिला की यांचा हात आपोआप पेनाकडे जाई. हळूहळू कारखान्यात रीतच पडली. माप चुकलेल्या पेट्या बाजूला ठेवायच्या आणि म्हणायचं, राहू दे, गिरिधर सरांची शिफ्ट येऊ दे. वीस वर्षांत ही म्हण झाली होती. हे मला यांनी नाही सांगितलं, कारखान्याच्या पूजेला गेले होते तेव्हा कुणीतरी हसत हसत माझ्याच तोंडावर सांगितलं. मीही हसले होते.

ऑगस्टमध्ये गाड्यांच्या कंपनीकडून चाळीस पेट्या परत आल्या. पिना मिलिमीटरच्या तीन शतांशांनी जाड होत्या. एक शतांश चालला असता. कुणाच्या तरी मानेवर सुरी फिरणार हे उघड होतं. यांच्या हातात मेमो पडला, बुधवारी अकरा वाजता चौकशी.

शनिवारी संध्याकाळी फोन आला तो कृष्णाजीचा. कृष्णाजी यांच्या खात्याचा सुपरवायझर, यांच्याच तंजावरकडच्या लोकांतला, सणासुदीला घरी येणारा. फोन माझ्यावर आला. यांच्या कुठल्याही कामाचा फोन माझ्यावरच येतो.

"वहिनी, घाबरूं नका," तो म्हणाला. "त्या दिवशीचा मापाचा तक्ता सांपडत नाहीं. नुसती स्लिप आहे, तिच्यावर 'एक' लिहिलें आहे. गिरिधरला एवढेंच म्हणायला सांगा, कनकानें मला एक म्हणून सांगितलें. पुढचें मी बघतों. त्याला नीट सांगतां येणार नाहीं, तुम्हीच लिहून द्या."

मी फोन ठेवला आणि यांना विचारलं, "कनका कोण?"

"मापें घेते. कंत्राटावर आहे. अकरा वर्षें."

"तिनं एक सांगितलं होतं?"

यांनी खिडकी ओढून घेतली. मी पुन्हा विचारणार तेवढ्यात म्हणाले, "तीन म्हणाली. तक्त्यावर तीनच लिहिलें. सर, नक्को म्हणा, म्हणाली. कृष्णाजी स्लिप घेऊन उभा होता. 'एक' त्यानें लिहिलें. मीं सही केली."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तिला. त्याला. मला."

"अहो, चार वर्षं राहिली नोकरीची. जननीचं हे शेवटचं वर्ष. कनकाचं काय, कंत्राटावरची बाई, आज या गेटवर, उद्या पुढच्या."

हे मी बोलले. बोलले म्हणून लिहिते आहे. यांनी माझ्याकडे पाहिलं, 'अस्कें ठाऊक आहे मला,' म्हणाले आणि उठून गेले. अस्कें म्हणजे सगळं. त्या सगळ्यात मीही आले की काय, हे मला विचारवलं नाही.

मी दीड पान जबाब लिहिला. शिकवण्यांच्या मुलांना लिहून देते तसा, मुद्देसूद, सुवाच्य, इंग्रजीत. कनकाचं नाव त्यात तीनदा आलं. रविवारी मी म्हटलं, आज खेळ नको, पाठ करा. हे "सरि" म्हणाले. सरि म्हणजे बरं. साडेदहाला मुलं आली आणि हे चटईवर जाऊन बसले. मी भांडी आपटली. बाहेर एकोजी कुठल्याशा राजाच्या माणसाशी हुज्जत घालत होता, तीही तुटक, अडखळत, एकेक शब्द शोधत. मध्येच हे मोठ्यानं हसले. असं हसणं मी जननीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात एकदा ऐकलं होतं. मी भांडी आपटायची थांबवली, पण राग गेला नाही. नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस खोट्या राजाशी बोलतोय, असं मनात आलं.

मुलं निघाली तेव्हा प्राणेशला जिन्यात गाठलं. "तुझ्या खेळानं यांना बोलायला शिकवलंस म्हणे. बुधवारी फासा घेऊन जाऊ का?"

तो बिचारा ओशाळला. "आंटी, मी काही शिकवलं नाही," म्हणाला. "मी फक्त विचारतो आणि थांबतो."

बुधवारी यांना स्कूटरवर मागे बसवून मी अंबत्तूरला नेलं. गाडी मीच चालवते. वाटेत दोनदा विचारलं, पाठ झालं का. यांनी काय उत्तर दिलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. पर्समधून जबाब काढून यांच्या खिशात घातला, कॉलर सरळ केली. गेटवरच्या माणसाशी बोलून मी आतल्या बाकापर्यंत वशिला लावला. त्यापुढे माझं काही चालणार नव्हतं. चौकशीची खोली म्हणजे ऑफिसातच प्लायवूड उभं करून केलेला कप्पा, वरून उघडा. हे आत गेले आणि दार लागलं.

बाकावर आधीच एक बाई बसली होती. पन्नाशीची, कारखान्याचा निळा कोट साडीवर घातलेला, हात मांडीवर. तिनं सरकून मला जागा दिली.

"सरांच्या घरच्या ना तुम्ही?" तिनं तमिळमध्ये विचारलं. "मी कनका. सरांच्या नंतर मला बोलावणार आहेत."

मी मान हलवली.

"अक्का, सरांना पाणी दिलंत का? जास्त बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडते." तिनं आपली बाटली पुढे केली. मग आत देता येणार नाही हे लक्षात येऊन ती मलाच दिली. मी दोन घोट प्यायले. काय करणार होते?

आत खुर्च्या सरकल्या. मुख्य कार्यालयातून आलेल्या एक बाई तमिळमध्ये बोलत होत्या. आवाज दमलेला होता, वाईट नव्हता. अशा चौकशा त्यांनी पुष्कळ केल्या असाव्यात.

"मिस्टर गिरिधर, लेखी जबाब आणलाय?"

"आणलाय. बायकोनं लिहिलाय. तो नको. मी सांगतो."

कनकानं माझ्याकडे वळून पाहिलं. मी बाटलीचं झाकण लावत राहिले.

आत कुणी काही बोलेना. घड्याळ असतं तर मोजलं असतं. मला उठून दार उघडावंसं वाटत होतं. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, चांगल्या मनानंच म्हणाल्या, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की माप घेणाऱ्या बाईनं तुम्हाला—"

"थांबा," हे म्हणाले. "मला बोलू द्या. मला वेळ लागतो."

हा आवाज मोठा नव्हता. रविवारी ऐकला होता तोच, अडखळणारा.

"कनकानं तीन लिहिलं होतं. तक्ता मी पाहिला होता. तो आता नाही, पण मी पाहिला होता. तिनं मला नको म्हणून सांगितलं. स्लिपवर 'एक' तिनं सांगितलेलं नाही. ते अक्षर माझं नाही, तिचंही नाही, कुणाचं आहे ते तुम्ही बघून घ्या. सही माझी आहे." पुन्हा थांबले. "आणखी एक लिहून घ्या. अशा पेट्या माझ्याच शिफ्टला येतात. वीस वर्षं येतात. कारण मी नाही म्हणत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं."

"तुम्हाला कळतंय ना, याचा परिणाम काय होईल?"

"कळतंय."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या की निर्णय वरून येईल, पण उद्यापासून तपासणीचं काम यांनी करायचं नाही. तपासनीसाचा शिक्का इथंच जमा करा आणि तोवर गोदामात हजेरी लावा. खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. लहानसाच.

कनकानं पदरानं डोळे पुसले. मग मला म्हणाली, "अक्का, तुम्ही काय लिहिलं होतंत?"

ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांच्या बायकोनं सरांसाठी काहीतरी चांगलं लिहिलं असेल, आणि सरांनी भिडस्तपणानं ते दिलं नसेल, असं तिला वाटत असावं. माझं तमिळ कामचलाऊ आहे, पण आजवर ते तोंडात कधी अडलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला एकही शब्द सुचला नाही. तीही वाट बघत राहिली. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ती उठली, निळ्या कोटाच्या गुंड्या लावल्या, आणि जाता जाता माझ्या खांद्याला हात लावून गेली.

दारात यांची आणि तिची गाठ पडली. यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

बाहेर ऊन रणरणत होतं. कृष्णाजी मशीनच्या शेडपाशी उभा होता. त्यानं माझ्याकडे भुवया उडवून विचारलं, काय झालं. मी पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधू लागले. यांनी खिशातला जबाब काढला, आणि उघडून न बघता माझ्या हातात दिला. मला यांचा राग आला होता का? आला होता. हे गोदामात पोती मोजणार, उरलेली चार वर्षं कशी जातील, जननीला काय सांगायचं, हे सगळं डोक्यात होतं. अभिमान वाटला असं लिहायला मला आवडलं असतं. तो नंतर वाटला, आणि तोही लाजेच्या आडून. त्या वेळी मी फक्त दमले होते, दिवसभर कुणाचं तरी ओझं वाहिल्यासारखी, आणि ते ओझं माझं नव्हतंच हे आता कळल्यासारखी.

स्कूटर सुरू केली. वसाहतीच्या बाहेर पडलो. मग हे मागून बोलायला लागले. आपणहून. "ऐकतेस? आत त्या बाईंनी विचारलें," म्हणाले, "लेखी आणलांय काय. मी म्हटलें…"

मी सगळं ऐकलं होतं, शब्द न् शब्द. प्लायवूड वरून उघडं होतं. ते मी सांगितलं नाही.

हे सावकाश सांगत होते, मध्ये थांबत, मागचं पुन्हा सांगत. शेजारून बस गेली की वाक्य वाहून जाई. काही वाक्यं मला मिळालीच नाहीत. परत सांगा, असं मी म्हटलं नाही. कनकाचं नाव आलं तेव्हा मी आरशात बघितलं नाही. मागून दोन रिक्षा हॉर्न वाजवत पुढे गेल्या, एकानं वळून शिवीही दिली, कारण मी गाडी फार हळू चालवत होते.

पाडीच्या पुलावर हे एका शब्दाला अडले. तो शब्द मला येत होता. मी समोर बघत राहिले.